जुन्या गाडीत हीटर लावला की गोडसर वास येतो आणि आंबा घाटात काच पुसूनही धुरकट राहते, कशामुळे?

हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय. त्यातून फिरणाऱ्या कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) वास गोडसर असतो आणि त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलची वाफ काचेवर तेलकट थर धरते, म्हणून नुसत्या फडक्याने ती साफ होत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या बाटलीतली पातळी खुणेवर आहे का बघा. गरम असताना झाकण उघडू नका, भाजाल. मग डॅशबोर्डखालची मॅट उचलून कार्पेट चाचपा. ओल चिकट, हिरवी किंवा गुलाबी असेल तर कूलंटच. आपल्याकडे पावसाळ्यात कार्पेट तसंही ओलं होतं, पण ते साधं पाणी असतं, बोटांना चिकटत नाही. बऱ्याचदा मूळ कारण म्हणजे कूलंटऐवजी भरलेलं विहिरीचं किंवा बोअरचं पाणी. त्याने कोअर आतून गंजतो. नवीन कोअर मिळेपर्यंत मेकॅनिककडून हीटरचे दोन्ही होज (रबरी नळ्या) एकमेकांना जोडून घ्या. गाडी चालेल, हीटर बंद राहील. बदलताना बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरी पार्टपेक्षा जास्त लागू शकते. सांडलेलं कूलंट लगेच पुसा, कुत्र्यामांजरांना ते विषारी असतं. मात्र वास गोड नसून कुबट असेल तर कोअरला हात लावू नका. आधी केबिन फिल्टर आणि एसीची ड्रेन नळी साफ करा.