पाचवीत हायस्कूलला जाणारा मुलगा फार वेंधळा आहे, त्याला कशी मदत करू?

तुम्ही लिहिलंय की मुलगा चौथीपर्यंत घराजवळच्या शाळेत होता, आता पाचवीला नागपूरच्या महाल भागातल्या हायस्कूलमध्ये जाणार आहे. वह्या, डबा, स्वेटर, शाळेत नेलेलं काहीच धड परत येत नाही आणि "तिथे याचं कसं होईल" या काळजीने तुम्हाला झोप लागत नाही. माझी मुलगी आता आठवीत आहे. तीन वर्षांपूर्वी मी नेमकी याच काळजीत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण मला ती फार उशिरा कळली. चौथीपर्यंत वर्गात दिवसभर बहुतेक एकच बाई असतात. उद्या काय आणायचं ते त्या सांगतात, डायरी लिहिली का बघतात, बाकाखाली राहिलेला डबा उचलून हातात देतात. म्हणजे मुलाच्या वाटचं निम्मं लक्षात ठेवणं बाईच करत असतात. पाचवीत तास सुरू होतात. दर ३५-४० मिनिटांनी शिक्षक बदलतात आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी. गणिताच्या सरांना चौकटीची वही हवी, इंग्रजीच्या मॅडमना चार रेघांची, तिसऱ्यांना वर्गपाठ आणि गृहपाठ वेगवेगळा. मुलासाठी लक्षात ठेवणारं माणूसच राहत नाही. त्यामुळे जुलैत तुम्हाला वाटेल की पोरगं आणखी बिघडलं. तसं नसतं. ते आहे तसंच असतं, आधार तेवढा निघून गेलेला असतो.

माझी चूक अशी झाली की बाईंची जागा मी घेतली. आम्ही मानेवाड्याला राहतो. वही राहिली की मी गाडी काढायची आणि थेट शाळेच्या गेटवर. एका आठवड्यात तीनदा गेले. तिसऱ्यांदा गेटवरच्या काकांजवळ वही देत होते, तेव्हा ती मैत्रिणीला सांगताना ऐकलं, "टेन्शन नको घेऊ, माझी आई आणून देते." मी विसरणं बंद करत नव्हते, त्याची सोय करत होते. त्यानंतर ठरवलं की डबा राहिला तर नेऊन देईन, लेकरू उपाशी राहू नये; वही राहिली तर नाही. एकदम सगळं तोडू नका. पण काय आणून देणार आणि काय नाही, हे शाळा सुरू होण्याआधीच मुलाला सांगून ठेवा.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो रात्री दप्तर भरण्याचा. सकाळी नाहीच. जेवणं झाली की दप्तर पूर्ण रिकामं करायचं, वेळापत्रक मोठ्याने वाचायचं आणि त्या क्रमाने वह्या-पुस्तकं आत टाकायची. भरायचं तिनेच. मी शेजारी मेथी निवडत बसायची. सुरुवातीला गप्प बसणं फार जड गेलं. "गणिताची वही घेतली का?" असं विचारलं की आठवायचं काम पुन्हा आपल्याकडे येतं. "उद्या कोणते तास आहेत?" एवढंच विचारा आणि थांबा. तो दोन मिनिटं घेईल, चुकीचं पुस्तक काढेल, परत ठेवेल. ते होऊ द्या. आम्हाला ही सवय लागायला पावसाळा संपला, मधे दोनदा मोडलीही.

सोबत विषयांना रंग दिले. शाळेत खाकी कव्हरच लागत होतं, म्हणून वहीच्या पाठीवर रंगीत पट्टी चिकटवली. गणित लाल, हिंदी हिरवा, आणि कपाटाच्या दारावरच्या वेळापत्रकात त्या त्या तासाला तोच रंग. घाईत नाव वाचावं लागत नाही, रंग दिसतो. मात्र पहिले काही दिवस शाळेत कच्चं वेळापत्रक असतं, पक्कं होईपर्यंत पट्ट्यांची घाई करू नका. सुट्या कागदांसाठी बटणाची एकच प्लास्टिक फाइल. सूचना असो, फीची पावती असो, चाचणीचा पेपर असो, सगळं त्यातच.

परत आणायच्या वस्तूंसाठी आम्ही पाच बोटं धरली: डबा, बाटली, कंपास, डायरी आणि पाचवी ऋतूप्रमाणे रेनकोट किंवा स्वेटर. बाकावरून उठण्याआधी बोटं मोजायची. तिला आवडलं, कारण कोणाला दिसत नाही.

शनिवारचं वेगळं सांगते. बऱ्याच हायस्कूलमध्ये त्या दिवशी सकाळची शाळा आणि पीटीचा ड्रेस असतो. वेंधळ्या मुलांचा गोंधळ याच दिवशी जास्त होतो. तुमच्याकडे तसं असेल तर शुक्रवारी संध्याकाळीच पांढरे बूट दाराशी काढून ठेवायला लावा.

आणि दप्तर एकदा वजन करून बघा. विसरण्याच्या भीतीने ही मुलं सगळं रोज नेतात. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, म्हणजे ३० किलोच्या मुलाला तीन किलो. आमचं किराणा दुकानाच्या काट्यावर साडेपाच भरलं होतं!

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, बाकी राज्यापेक्षा उशिरा. हे जास्तीचे दिवस वापरा. शाळेच्या खऱ्या वेळेला त्याला घेऊन जा. आत सोडलं तर वर्ग, पाण्याचे नळ आणि संडास दाखवा. नव्या शाळेत मुलं विचारायला लाजतात आणि दिवसभर लघवी दाबून बसतात.

घरात बोलणाऱ्यांनाही आवरावं लागतं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "पोरीच्या जातीले असं वेंधळं राहून कसं चालन?" मला वाईट वाटायचं, तिला त्याहून जास्त. मुलाला दिवसातून दहा वेळा वेंधळा म्हटलं की तो स्वतःला तसाच समजू लागतो. आमच्याकडे तो शब्द बंद केला. तुम्हीही करा.

डोळे मात्र तपासून घ्या. फळा नीट दिसत नसेल तर डायरी अर्धवटच लिहिली जाणार. आणि हे सगळं करूनही दोन-तीन महिन्यांत काहीच फरक नसेल, घरी आणि शाळेतही तो हातातलं काम अर्धवट सोडत असेल, नुकतंच सांगितलेलं विसरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. आपल्याकडे नागपुरात मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे. हे एडीएचडी असू शकतं, म्हणजे मुलाला लक्ष टिकवणंच जड जातं. तो आळस नाही, वेड तर मुळीच नाही. त्यावर उपाय आहेत आणि वेळेत कळलं तर मुलाचा बराच त्रास वाचतो. दंगा न करणारी, स्वतःतच हरवलेली मुलं यात लवकर लक्षात येत नाहीत, मुलींच्या बाबतीत तर फारच.

वर्गशिक्षकांना पहिल्या पंधरवड्यातच भेटा, तक्रार येण्याची वाट पाहू नका. खूप मागू नका, वर्गात साठ मुलं असतात. आम्ही मॅडमना एवढंच म्हटलं होतं, शेवटच्या तासाला हिची डायरी कोणीतरी बघेल का? त्यांनी तिला एका नीटनेटक्या मुलीजवळ बसवलं आणि दोघींना एकमेकींची डायरी तपासायला सांगितलं. दिवाळीपर्यंत रोज तपासली. त्या मुलीला हिंदी जड जायचं, ते आमची शिकवायची. दोघी अजून एकाच बाकावर बसतात.