जुनी कॉन्टेसा ३२ की नवी रुंद बोट?

सॉलेंटमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या सामुद्रधुनीत, शिकून पहिली बोट घेतोयस, म्हणून मनापासून सांगतो. १९७०च्या दशकातली कॉन्टेसा ३२ ही ३२ फुटी ब्रिटिश शिडाची बोट आणि आजची त्याच लांबीची क्रूझिंग (सहलीची) बोट शेजारी पाहिलीस, तर मरिनात, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, नवीच आवडेल. रुंद पिछाडी, ताठ उभं राहता येईल अशी केबिन, मागे झोपायला वेगळी खोली, भरपूर उजेड. जुनी अरुंद, आत अंधारी, आणि इंजिनावर मागे घेताना फार हट्टी.

पण समुद्र खवळला की ती लाटेवर आपटत नाही, लाट कापत जाते. १९७९च्या फास्टनेट शर्यतीतल्या (इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतायची शर्यत) वादळात सर्वांत लहान बोटींच्या गटातून शर्यत पुरी करणारी एकमेव बोट कॉन्टेसा ३२ होती!

तरी स्वस्त भाव पाहून हुरळू नकोस. डोलकाठीच्या तारा १०-१२ वर्षांच्या झाल्या असतील तर बदलायचा खर्च धर, विमावालेही विचारतात. शिडं, इंजिन, वायरिंग, डेकमध्ये मुरलेलं पाणी, सगळं सर्व्हेयरकडून तपासून घे, तेही बोट पाण्याबाहेर काढून. अलीकडची वापरलेली घेतलीस तर कीलचे (बोटीच्या तळाखालच्या जड पात्याचे) बोल्ट आणि तळ घासल्याच्या खुणा आधी बघ.

शनिवार-रविवारी मुलांना घेऊन फिरायचं असेल तर नवी घे. फ्रान्स-स्पेनलगतचा बिस्केचा खवळलेला उपसागर ओलांडायचा असेल, तर मी जुनीच निवडेन.