खडकाळ डोंगरवाटांवर सायकल चालवायची तर कोणती घ्यावी आणि तयारी किती लागते?

तुम्ही लिहिलंय की वय ४२, राहायला कळव्याला, दोन वर्षं घोडबंदर रोडवर हायब्रिड (रस्त्यावरची साधी सायकल) चालवताय, आता डोंगरात शिरायचंय. इथवर वाचून मी पुढे गेले असते, कारण सायकली सुचवणारे इथे पुष्कळ आहेत. पण शेवटी तुम्ही लिहिलंत की ग्रुपमधले म्हणतात, 'दगडात उतरून सायकल ढकलायची असेल तर सरळ ट्रेकच करावा.' हे वाक्य मी सात वर्षं ऐकतेय. म्हणून हे उत्तर.

आधी सायकलीचं उरकते. हार्डटेल घ्या, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली. २९ इंची चाकं, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, १०० ते १२० मिलिमीटर दबणारा पुढचा फोर्क, पेडलपाशी एकच चेनरिंग (चेन फिरवणारं दातेरी चक्र). चाळीस-पन्नास हजारांत चांगली येते. पंधरा हजारांत 'डबल सस्पेन्शन' म्हणून जे लोखंड दुकानात उभं असतं, त्याला हात लावू नका. त्या सस्पेन्शनचा चढावर काही उपयोग नाही, उतारावर भरवसा नाही, आणि खांद्यावर घ्यायची वेळ आली की रडू येतं. आणि ती वेळ येणारच.

का येणार तेही सांगते, कारण तुमच्या मित्रांना हेच कळलेलं नाही. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. कडा, मग पदर म्हणजे कड्याखालची सपाटी, परत कडा, वर सपाट पठार. पदरावर आणि पठारावर सायकल चालते. कड्यात जिथे वाट नाळेतून (अरुंद घळीतून) किंवा कोरलेल्या पायऱ्यांवरून जाते, तिथे ती खांद्यावर घ्यावी लागते. मी सह्याद्रीतली जुनी घाटवाट पाय न टेकता उतरलो असं कोणी म्हणालं, तर तो माणूस खोटं बोलतोय किंवा डांबरी रस्त्याने आलाय.

आता या उतरण्यावरून माझ्याबरोबर जे घडलं ते.

डिसेंबर २०१८. आम्ही चौघं: मी, माझा भाचा, त्याचा कॉलेजातला मित्र आणि दादा. दादा आमच्या सोसायटीतले, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. माझ्या एक्केचाळिसाव्या वर्षी मला माउंटन बाईक घ्यायला लावली ती त्यांनी. ठाण्यात उपवनहून येऊरचा चढ सुरू झाला की पायांना कळायच्या आधी गिअर हलका करायचा, हेही त्यांनीच शिकवलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे, तो बाजूला ठेवून लिहिता येणार नाही. पण त्या दिवशी चूक त्यांची होती.

बेत असा: शुक्रवारी रात्री टेम्पोत सायकली टाकून जुन्नरमार्गे घाटघरला जायचं, सकाळी पठारावर फिरायचं, मग नाणेघाटाने खाली पायथ्याच्या वैशाखऱ्याकडे उतरून मुरबाड-कल्याणमार्गे ठाण्याला परत. घाटघरात एका घराच्या ओट्यावर चहा पिताना ठरलं की उतारावर दोन सायकलींमध्ये किमान दहा मीटर अंतर ठेवायचं. ठरवलं दादांनीच. हे मी मुद्दाम लिहितेय.

पठारावरचे ते तीन तास मी जन्मात विसरणार नाही. एका अंगाला जीवधन किल्ला, खाली कोकण धुक्यात बुडालेलं, वाळलेल्या गवतावर दहिवर. गवत संपलं की उघडा कातळ. त्या काळ्या कातळात पांढऱ्या गारगोट्या जडवल्यासारख्या दिसतात आणि सकाळच्या तिरप्या उन्हात चमकतात. दिसायला कातळ सपाट, पण त्यात चाक अडकेल एवढ्या भेगा असतात आणि मध्येच गुडघ्याएवढ्या पायऱ्या येतात. आडव्या भेगेवरून चाक सरळ न्यायचं. तिरकं नेलं की पुढचं चाक आत बसतं आणि माणूस हँडलवरून पुढे. चढावर सीटच्या टोकावर सरकायचं, हनुवटी हँडलजवळ आणायची, पेडल मारणं थांबवायचं नाही. उतारावर सीट चांगली खाली घ्यायची, दोन्ही पेडल आडवी, कोपरं बाहेर, आणि नजर चाकासमोरच्या दगडावर नको, त्याच्या पलीकडच्या वाटेवर. ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर जाल.

तिथे एका पायरीपाशी मी उतरले. चढून जाईल असं वाटलं नाही, सायकल उचलली, वर ठेवली, परत बसले. दहा सेकंदांचं काम. मागून दादा म्हणाले, "उतरलीस? मग ही राइड धरायची नाही हां." मुलं हसली. मी काही बोलले नाही.

त्याच पठारावर भाच्याचं मागचं टायर बाजूने चिरलं. बेसॉल्ट फुटतो तो धारदार, आणि भाच्याने सायकल त्या धारेवर घासत नेली. टायरमधल्या सीलंटची (बारीक भोकं बुजवणाऱ्या द्रवाची) पांढरी पिचकारी उडाली आणि टायर बसलं. चिरेतून बोटाचं नख आत जात होतं. एवढी चीर सीलंटने भरत नाही. आम्ही त्याची संपत आलेली टूथपेस्टची ट्यूब उभी कापली, धुतली, आतून चिरेवर बसवली आणि वर चाकाची साधी ट्यूब टाकून हवा भरली. त्यावर तो ठाण्यापर्यंत आला.

मग नाणेघाट. माथ्यावर तो दगडी रांजण आहे, जकात त्यात टाकत असं सांगतात. खाली चिंचोळी नाळ, आणि गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा माल याच वाटेने कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरायचा. माणसं पायी, ओझं जनावरांच्या पाठीवर. त्या नाळेत उभं राहून मला तरी वाटलं नाही की सायकल खांद्यावर घेऊन मी काही कमीपणाचं करतेय. पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात. सायकलचा वरचा दांडा खांद्यावर, खाली जर्किनची घडी, आणि पेडल पोटरीला लागू नये म्हणून क्रँक (पेडलचा दांडा) मागे फिरवून धरलेली. दोन तास लागले. दादाही उचलूनच उतरले, कारण तिथे दुसरं काही शक्यच नाही. त्यांना मात्र 'धरायची नाही' कोणी म्हणालं नाही.

खाली जंगलाच्या पट्ट्यात वाट परत चालवण्यासारखी होते. सगळ्यांना हायसं वाटलं आणि वेग वाढला. हेच धोक्याचं ठिकाण. डिसेंबरात सागाची पानं पडलेली असतात, सुपाएवढी. त्यांच्याखाली काय आहे दिसत नाही. मी पुढे, माझ्यामागे दादा, मग मुलं. एका वळणानंतर ओढा आला. पाणी घोट्याएवढंही नव्हतं, पण दगडांवर हिरवं शेवाळ ओलं होतं आणि पलीकडचा काठ पानांनी झाकलेला. सायकल पलीकडे कुठे काढायची ते दिसेना. मी दोनदा ओरडले, "उतरतेय, उतरतेय!" डावा हात वर केला आणि थांबले.

दादा माझ्यापासून दहा मीटरवर नव्हते. एका सायकलीएवढं अंतर होतं. त्यांनी थांबण्याऐवजी मला वळसा घालून ओढ्यात सायकल घातली. पुढचं चाक शेवाळावरून घसरलं, आणि ते डाव्या खांद्यावर एका गोट्यावर पडले. आवाज आला तो मला अजून ऐकू येतो.

कॉलरबोन मोडलं होतं. हाड कातडीखाली वर आलेलं हाताला लागत होतं. माझ्याकडे एक जादा ट्यूब होती, तिचा झोळा करून त्यांचा हात गळ्यात बांधला आणि वरून भाच्याचा टी-शर्ट छातीभोवती आवळला. ट्यूब ताणते, त्यामुळे घट्ट बसते आणि रुतत नाही. त्यांच्या सायकलीचा गिअर बदलणारा डिरेलर, तो ज्या छोट्या पट्टीने फ्रेमला लागतो त्या हँगरपासून तुटून लोंबत होता. मुलांनी चेन तोडून आखूड केली, मधल्या गिअरवर बसवली आणि ती सिंगल-स्पीड करून रस्त्यापर्यंत आणली. दादा चालत आले. पाऊण तास, एकदाही कण्हले नाहीत. हे त्यांच्याकडून शिकण्यासारखंच आहे. हायवेवर जीप मिळाली, मुरबाडला औषध मिळालं, कल्याणला एक्स-रे.

एक्स-रेची वाट बघत बाकावर बसलो होतो तेव्हा वहिनींचा फोन आला. दादा त्यांना म्हणाले, "ही मध्येच उतरली गं, म्हणून." मी शेजारीच होते. सहा आठवडे त्यांचा हात गळ्यात होता आणि सहा आठवडे सोसायटीत लिफ्टमध्ये जो भेटेल तो मला विचारायचा, "काय, ब्रेक मारलात म्हणे?" अजूनही कुणी नवीन ग्रुपमध्ये आला की त्याला ही गोष्ट याच रूपात सांगतात. मी समोर असते, आणि चहा थंड होईपर्यंत सगळे माझ्याकडे बघतात.

म्हणून इथे लिहिते, एकदा नीट. खडकाळ उतारावर पुढचा माणूस कधीही थांबू शकतो, तसा त्याचा हक्क आहे. मागच्याने थांबता येईल एवढं अंतर ठेवायचं, ही मागच्याची जबाबदारी. हायवेवर ट्रकच्या मागे आपण हेच करतो, तिथे कोणी ट्रकवाल्याला विचारत नाही की मध्येच का थांबलास. आणि जो उतरतो तो घाबरला असं नसतं. मला पलीकडचा काठ दिसत नव्हता. न दिसणाऱ्या जागी चाक घालायचं नाही, हे मला ज्यांनी शिकवलं ते दादाच.

तुमच्या ग्रुपला हे वाचून दाखवा. मग विचारा, तुमच्यापैकी कितीजण उतरलेल्या माणसाच्या मागे पुरेसं अंतर ठेवून चालवता? उत्तर गोलगोल आलं तर त्यांच्याबरोबर डोंगरात जाऊ नका. ठाण्यात-नवी मुंबईत दुसरे लोक आहेत. आणि पहिल्या दोन-तीन वेळा तरी वेगाने जाणाऱ्यांच्या मधोमध राहू नका. एकदम शेवटी राहा, तिथे मागून कोणाचा दाब नसतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, आणि ती मी दादांना अजून सांगितलेली नाही. मी थांबले ती वाटेवरच थांबले. ओरडले, हात केला, पण सायकल बाजूच्या झुडपात ओढली नाही. ओढायला हवी होती. उतरायचं तर वाट मोकळी करून उतरायचं, हे तेव्हापासून मी कटाक्षाने करते. यामुळे चूक त्यांची नव्हती असं होत नाही. पण तुम्ही नव्याने शिकताय, तर दोन्ही शिका.

तयारीचं राहिलंच. तुम्ही दोन वर्षं रस्त्यावर चालवताय म्हणजे दम आहे. दम हा प्रश्नच नाही, हात आणि खांदे लागतात. जिने चढताना सायकल खांद्यावर घ्यायची सवय करा, चौथ्या मजल्यापर्यंत. येऊरच्या डांबरी चढावर पाय तयार होतात, पण तिथल्या पायवाटांवर सायकल घालू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, बिबट्याचं घर आहे, आणि परवानगीशिवाय आत शिरणं चूकच. खारघरच्या डोंगराचा चढही चांगला, मात्र रस्ता चालू आहे का ते आधी बघून जा. खडकाची सवय खडकावरच होते, त्यासाठी मुरबाड-जुन्नरकडेच जावं लागतं.

हवा: माझं वजन ५८ किलो, ट्यूबलेसमध्ये पुढे २० आणि मागे २३ पीएसआय ठेवते. ट्यूब असेल तर एवढी कमी ठेवू नका, ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटून सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात. तुमचं वजन जास्त असेल तर वाढवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून या वाटांवर जाऊ नका. पावसाळ्यात मुळीच नाही, आणि मार्चनंतर कातळ इतका तापतो की अकरा वाजता दोन लिटर पाणी संपलेलं असतं.

गुडघ्याचं किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारून. हे आधी लिहायला हवं होतं.

आणि जादा हँगर बरोबर ठेवाच. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. सायकल घ्याल त्याच दिवशी दुकानातून त्याच मॉडेलचा एक मागून घ्या, कारण तुटतो तेव्हा आपण वैशाखऱ्यात असतो.