वाचकांचे प्रश्न : अतिवृष्टीचे अनुदान नेमके कुठे अडते?

प्रश्न : तीन एकर कोरडवाहू सोयाबीन सप्टेंबर २०२५ च्या पावसात पाण्याखाली गेले. खात्यात ५,१०० रुपये आले. शेजारी म्हणतो, हेक्टरी १३,६०० मिळतात. मग आमचे कुणी खाल्ले? (लातूर जिल्हा)

शेजारी सांगतो तो दर जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयातला. मे २०२५ मध्ये तो मागे घेऊन पुन्हा आपत्ती निधीचे मूळ दर लागू झाले : कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकांना २२,५००. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त हवे.

आता तुमचे तीन एकर म्हणजे १ हेक्टर २० आर. १.२० गुणिले ८,५०० म्हणजे १०,२०० रुपये. तुम्हाला बरोबर निम्मे आले, म्हणजे यादीत तुमच्या नावापुढे ६० आरच धरलेत. कुणी खाल्ले असते तर हिशेब इतका चोख निम्म्यावर आला नसता! असे दोन कारणांनी होते. एक, सातबाऱ्यावर भावाचे नाव सामाईक आहे आणि उरलेले निम्मे क्षेत्र त्याच्या नावाने चढले. दोन, ई-पीक पाहणीत (मोबाइल ॲपवरच्या पीक नोंदणीत) सोयाबीन ६० आरच नोंदले, बाकी क्षेत्रावर दुसरे पीक किंवा पड दाखवली. तलाठ्याकडून पंचनाम्याच्या यादीतली तुमची ओळ बघून घ्या आणि सातबाऱ्याचा गाव नमुना बारा (पिकांच्या नोंदीचा भाग) तिच्याशी ताडून पाहा. तफावत दिसली तर तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज द्या व पोच घ्या. तोंडी सांगितलेले पुढच्या यादीपर्यंत टिकत नाही.

राज्य सरकारच्या ऑक्टोबर २०२५ च्या मदत पॅकेजमधले रब्बीसाठीचे हेक्टरी १०,००० यात धरू नका, ती रक्कम वेगळी आहे.

प्रश्न : व्हीके नंबर (अनुदानाच्या यादीतला विशिष्ट क्रमांक) मिळाला, सेवा केंद्रात अंगठा देऊन केवायसीही केली. पैसे मात्र नाहीत. जिल्हा बँकेचे पासबुक दिले होते. (बीड जिल्हा)

पासबुक कोणतेही द्या, थेट हस्तांतराचे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यातच जातात. एखाद्या योजनेसाठी मध्यंतरी दुसरीकडे खाते काढले असेल तर आधी तिथे बघा. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहिली की बँकेचे नाव कळते. खाते बरेच दिवस न वापरल्याने बंद पडले असेल तर रक्कम परत जाते. तसे असेल तर बँकेत केवायसी करून खाते चालू करून घ्या आणि तहसीलमध्ये कळवा.

सातबाऱ्यावर ‘शंकरराव’ आणि आधारवर ‘शंकर’ असा फरक असला तरीही प्रकरण अडकते. पोर्टलला माणूस ओळखीचा नसतो, अक्षरे तेवढी दिसतात. ॲग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा) शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये ई-केवायसीतून सूट मिळाली. तुमच्याकडे तो नसेल तर काढून ठेवा.

प्रश्न : वडील वारले, जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. अनुदान कुणाला? (हिंगोली जिल्हा)

वारस नोंद होईपर्यंत कुणालाच नाही. मृत्यूचा दाखला व वारसांच्या तपशिलासह तलाठ्याकडे अर्ज करा. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस जातात, म्हणून उशीर करू नका. त्यानंतर खाते सामाईक होते. रक्कम एकाच्या खात्यावर हवी असेल तर बाकी सर्व वारसांचे संमतीपत्र लागते, त्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणीही आल्या. तिथेच बहुतेक प्रकरणे रखडतात.

प्रश्न : बँकेने अनुदान पीककर्जात वळते केले. (जालना जिल्हा)

तसे करू नये, असे मदतीच्या शासन निर्णयांतच लिहिलेले असते. निर्णयाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या.

प्रश्न : अनुदान मिळाले, आता पीकविमा बुडाला का? (परभणी जिल्हा)

नाही. दोन्ही स्वतंत्र आहेत. फक्त खरीप २०२५ पासून राज्यात विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगात (निवडक शेतांतले पीक कापून केलेल्या मोजणीत) निघालेल्या महसूल मंडळाच्या उत्पादनावर ठरते. तुमच्या एकट्याच्या रानात पाणी साचल्याचा फोटो तिथे चालत नाही.