भाच्याला टीबी झाला, मग धडधाकट मैत्रिणीला गोळ्या कशाला?

प्रश्न: डॉक्टर, मी अर्जुनी मोरगावची. गोठणगावच्या तिबेटी कॅम्पमध्ये माझी एक मैत्रीण आहे, हिवाळ्यात नागपूरला स्वेटर विकायला जाते. तिचा भाचा कर्नाटकात मुंडगोडच्या मठात शिकतो, तो लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, घरी आला तेव्हा महिनाभर खोकत होता, तपासलं तर टीबी. त्याचा कोर्स सुरू झाला ते ठीक, पण आता घरातल्या सगळ्यांना आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्यात! मैत्रिणीला काहीच होत नाहीये. तिचे पाला, म्हणजे वडील, म्हणतात आमचीच्या (तिबेटी वैद्याच्या) गोळ्या बास. आणि माझी पोरं तिकडे चहा पितात, ते बंद करू का? लोक म्हणतात तिबेटींच्या रक्तातच टीबी असतो.

उत्तर: रक्ताचं आधी. ते डोक्यातून काढा ताई, टीबी हवेतून येतो. मठात नाहीतर बोर्डिंगमध्ये एका खोलीत पाच-सहा पोरं झोपतात, थंडीत खिडक्या बंद, त्यात एक जण खोकतो आणि सगळे तीच हवा रात्रभर घेतात. स्वेटरच्या सीझनला भाड्याच्या खोलीतही हेच चालतं, गाठोड्यांनी खिडकी अडलेली मी स्वतः पाहिलीये. धरमशालेचं डेलेक हॉस्पिटल, तिबेटी आरोग्य विभाग आणि अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी 2017 ला तिबेटी शाळांत मोठी तपासणी केली, पाच हजारांवर मुलं, त्यात लाखाला साडेआठशेच्या हिशेबाने टीबी निघाला. म्हणजे खूपच. पण तिथेच त्यांनी पुढचा आजार टाळायच्या गोळ्या धडधाकट मुलांनाही दिल्या, ज्यांच्या अंगात जंतू नुसते झोपलेले होते.

या गोळ्यांचं गणित हेच आहे. जंतू शिरला म्हणून लगेच आजार होत नाही, शंभरातल्या पाच-दहा जणांनाच पुढे कधीतरी होतो, आणि सगळ्यात जास्त धोका पहिल्या दोन वर्षांत. जंतू झोपलाय तोवर बारा आठवडे, आठवड्याला एक डोस, इतक्यात काम भागतं. तो जागा झाला की मग सहा महिने रोज गोळ्या. मात्र सुरू करण्याआधी एक्सरे आणि तपासणी करून टीबी आत्ता नाहीये ना हे बघितलंच पाहिजे, मैत्रिणीला विचारा झालंय का. आणि तिची लघवी केशरी झाली तर घाबरू नका, औषधाचा रंग आहे तो. डोळे पिवळे दिसले, सारखी उलटी होतेय असं झालं तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना.

आमचींबद्दल मला आदर आहे, त्यांची औषधं घेऊ देत की, पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं कळलं पाहिजे आणि टीबीची गोळी चुकता कामा नये. पालांशी वाद घालू नका, डोसच्या दिवशी त्यांच्या समोर बसून गोळी घ्यायला लावा.

चहाचं म्हणाल तर कपातून टीबी पसरत नाही, पोरांना पिऊ द्या. फक्त भाच्याचे सुरुवातीचे काही आठवडे त्याच्या बंद खोलीत खेळायला नको, अंगणात बसा. पोरं लोसारच्या दिवसांत तासन् तास त्याच्याजवळ होती का? असतील तर त्यांचीही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. काही अडलं तर 1800-11-6666 हा टीबीचा सरकारी नंबर आहे.

आणि हो, गोळ्या संपेपर्यंत घरात छांग (तिबेटी दारू) बंद, लिव्हरला झेपत नाही. हे पालांना मैत्रिणीनेच सांगितलेलं बरं.