एमपीएफआय गाडीचं टायमिंग हातानं पुढं घ्यावं का?

प्रश्न: माझ्याकडं डिस्ट्रीब्युटरवाली (प्लगांना ठिणगीचा करंट वाटून देणारा भाग) जुनी एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी गाडी आहे. पिकअप कमी वाटला म्हणून मिस्त्रींनी डिस्ट्रीब्युटर थोडं फिरवून टायमिंग पुढं घेतलं. आता बीडहून येताना मांजरसुंब्याचा घाट एसी लावून चढलं की इंजिनातून टकटक ऐकू येते. टायमिंग तर कॉम्प्युटर बघतो म्हणतात, मग असं का?
– एक वाचक, केज

उत्तर: टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते, कॉम्प्युटरच बघतो, पण कशाच्या भरवशावर ते महत्त्वाचं. कार्बोरेटरच्या गाडीत डिस्ट्रीब्युटरमधी वजनं आणि स्प्रिंगा असायच्या, स्पीड वाढला की वजनं फाकायची आणि ठिणगी लवकर पडायची. लवकर कशाला, तर पेट्रोल पेटून पूर्ण जोर यायला 2 मिलिसेकंद धरा, तेवढ्यात 800 आरपीएमला क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) जेमतेम 10 डिग्री फिरतो अन् 3000 ला थेट 36, आणि जोर तर पिस्टन वरून खाली निघाल्यावर 15 डिग्रीच्या आसपासच मिळायला पाहिजे.

आता वजनांचं काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, करतो. त्याच्यात आरपीएम आणि लोडचा तक्ता भरलेला असतो, त्यातनं तो डिग्री काढतो, पाण्याचं टेंपरेचर बघून कमीजास्त करतो. पण क्रँक कुठं आहे हे त्याला सेन्सरच सांगतो, आणि तुमच्यासारख्या बऱ्याच जुन्या गाड्यांत हा सेन्सर डिस्ट्रीब्युटरच्या आतच बसवलेला असतो. डिस्ट्रीब्युटर क्रँकच्या अर्ध्या स्पीडनं फिरतं, म्हणून ते 3 डिग्री फिरवलं की क्रँकचे 6 होतात; ईसीयू पिस्टन वर पोचायच्या 20 डिग्री आधी समजून ठिणगी टाकतो आणि ती पडते 26 ला, आणि हे त्याला कळतच नाही. त्यात घाटाचा लोड, आपल्याकडच्या मे महिन्यातली तापलेली हवा, मग नॉकिंग, म्हणजे तुमची ती टकटक, होणारच. नॉक सेन्सर असता तर त्यानं आवाज ओळखून टायमिंग मागं घेतलं असतं, पण तो प्रत्येक जुन्या गाडीला नसतो.

टायमिंग परत जाग्यावर आणून घ्या. इंजिन गरम करून, एसी-लाइट बंद ठेवून, मॅन्युअलमधी सांगितल्याप्रमाणं डायग्नोस्टिक कनेक्टरला जंपर (दोन पिना जोडणारी वायर) लावायचा, मगच टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) पुलीच्या खुणेवर धरायचा. जंपर नसला तर ईसीयू आयडल सांभाळायला टायमिंग सारखं हलवत राहतो, खूण नाचत राहते, आणि नाचत्या खुणेवर केलेलं सेटिंग काही कामाचं नाही. किती डिग्री ते बॉनेटखालच्या स्टिकरवर नाहीतर मॅन्युअलमधी सापडेल. काम झाल्यावर जंपर आठवणीनं काढायला सांगा.

पिकअपसाठी प्लग, एअर फिल्टर आणि फ्युएल प्रेशर बघा. तोवर घाटात एसी बंद, खालचा गिअर, अॅक्सिलरेटर हलका ठेवा, कारण नॉकिंग होत असताना गाडी तशीच दामटली तर पिस्टन नाहीतर हेड गॅस्केट जायला वेळ लागत नाही.