हात मागे ठेवून बसणे

समुपदेशनासाठी येणाऱ्या माणसांची गाऱ्हाणी वरवर कितीही वेगळी दिसली, तरी एक प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्यापुढे वारंवार येतो. "माझी नजर बारीक आहे म्हणून कामावर माझे कौतुक होते आणि घरी तीच नजर सगळ्यांना नकोशी झाली आहे. मी काय करू?" हा प्रश्न मला संपादकांनी, लेखापरीक्षकांनी, शिक्षकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर मला सर्वांत स्पष्टपणे उमगले ते एका डिझायनर बाईंबरोबर काम करताना, म्हणून त्यांचीच हकिकत येथे सांगते. त्यांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई चाळिशी ओलांडलेल्या. घरगुती वापराच्या वस्तूंचे डिझाइन हे त्यांचे काम. बरणीचे झाकण ओल्या हाताने उघडते का, भांड्याचा दांडा मनगटावर भार टाकतो का, असल्या प्रश्नांत त्यांची वीस वर्षे गेली होती आणि त्या प्रश्नांवर त्यांचे मनापासून प्रेम होते. स्वयंपाकावरही तितकेच. दिवसभर पडद्यावर रेषा ओढल्यानंतर घरी येऊन कांदा चिरायला घेतला की डोके शांत होते, असे त्या म्हणाल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आपले स्वयंपाकघर स्वतः आखून नव्याने करून घेतले होते. प्रत्येक खणाचे माप त्यांचे, प्रत्येक डब्यावरची चिठ्ठी त्यांनी निवडलेल्या अक्षरवळणातली. "आणि आता त्या स्वयंपाकघरात मी एकटीच असते," हे वाक्य त्यांनी खाली बघत उच्चारले. बारा वर्षांची मुलगी पूर्वी ओट्याशी बसून अभ्यास करायची, ती आता खोलीतून बाहेर येत नव्हती. नवरा चहा करण्यापूर्वीही "करू का?" असे विचारू लागला होता. मुलगी एकदा म्हणाली होती, "आई, तुझ्या स्वयंपाकघरात मी काहीही केलं तरी ते चुकतंच." या वाक्यातला 'तुझ्या' हा शब्द बाईंना फार लागला होता.

माझा पहिला सल्ला चुकला, हे येथे नोंदवले पाहिजे. काम आणि घर यांच्यात रेघ ओढा, संध्याकाळी डिझायनरपण बाजूला ठेवा, असे मी त्यांना सुचवले. दोन आठवड्यांनी त्या अधिकच थकलेल्या आल्या. वीस वर्षे घडवलेली नजर पिशवीसारखी खुंटीला अडकवून ठेवता येत नाही. तिला दाबण्यातच त्यांची सगळी शक्ती खर्च होत होती आणि जेवणाच्या टेबलावर त्या गप्प बसू लागल्या होत्या. घरच्यांना ते गप्प बसणे टोकण्यापेक्षाही जड गेले.

मग मी बंद करण्याचे सोडून मोजण्याकडे वळले. नोकरीत त्या निरीक्षणाची वही ठेवत, तशीच घरी ठेवायला सांगितली. फक्त त्या वहीत इतरांच्या चुका लिहायच्या नाहीत, स्वतःचे बोलणे लिहायचे. एका आठवड्यात नोंदी झाल्या सदतीस. त्यांतल्या एकोणीस ठिकाणी तेच दोन शब्द होते, "दे इकडे". सुरी दे इकडे, कालथा दे इकडे, ते झाकण दे इकडे. प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहायला सांगितले होते. भाजण्या-कापण्याचा खरा धोका फक्त दोन वेळा होता. उरलेल्या सतरा वेळा कारण एकच होते, काम त्यांच्या डोळ्यांना खटकेल अशा पद्धतीने चालले होते.

पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये परिपूर्णतेच्या हव्यासाचे तीन प्रकार वेगळे करून दाखवले. काही जण स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा धरतात, काहींना वाटते की जग आपल्याकडून ती धरते आणि काही जण ती इतरांकडून धरतात. पहिल्या दोन प्रकारांचा त्रास ज्याचा त्याला होतो, त्यामुळे तो लवकर ध्यानात येतो. तिसऱ्याचा त्रास मुख्यतः शेजारी बसलेल्या माणसाला होतो, म्हणून तो वर्षानुवर्षे ध्यानातच येत नाही. या बाई स्वतःविषयी कठोर होत्याच. पण घर ज्याने रिकामे होत चालले होते, तो हा तिसरा प्रकार होता. मला यात दुष्टपणा कुठेच दिसला नाही. घरच्यांना उत्तम ते मिळावे ही त्यांची तळमळ अगदी खरी होती. फक्त ती ज्यांच्यासाठी होती, त्यांच्याच हातातून सुरी काढून घेत होती.

वाट सापडली ती त्यांच्याच व्यवसायात. एकदा सहज विचारले, "नवीन वस्तू लोकांकडून वापरून बघता, तेव्हा तुम्ही काय करता?" त्या खुर्चीत सावरून बसल्या आणि उत्साहाने सांगू लागल्या. माणसाच्या हातात वस्तू द्यायची आणि आपण कडेला बसायचे. तो अडखळला, झाकण उलटे फिरवू लागला, तरी बोलायचे नाही. सूचना दिली की निरीक्षण वाया गेले. आणि सर्वांत महत्त्वाचे, माणूस अडखळला तर दोष माणसाचा धरायचा नाही, वस्तूचा धरायचा. "आम्ही नवशिक्यांना हात पाठीमागे बांधून बसायला लावतो," असे म्हणून त्या थांबल्या. बराच वेळ दोघीही काही बोललो नाही. मग त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "परक्या माणसासमोर मी तासभर तशी बसू शकते. मुलीसमोर दोन मिनिटंसुद्धा नाही."

ठरले ते एवढेच. आठवड्यातून एक संध्याकाळ स्वयंपाक बाप-लेकीचा. बाईंनी स्टुलावर बसायचे, हात मागे, वही मांडीवर. धोका दिसला तर बोलायचे, एरवी विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यायचे. घरच्यांनाही हा प्रयोग आहे हे आधी सांगायचे, कारण न सांगता धरलेला अबोला राग म्हणूनच वाचला जातो.

पहिल्या संध्याकाळची त्यांची नोंद त्यांच्या परवानगीने थोडक्यात देते. मुलीने कांदा चिरला. काही फोडी कागदासारख्या पातळ, काही बोटाएवढ्या जाड. कांद्याच्या वजनातला जवळजवळ नऊ दशांश भाग पाणी असते आणि ते पुरेसे उडाल्याशिवाय कांदा तांबूस होत नाही, त्यामुळे पातळ फोडी कडेने करपू लागल्या तेव्हा जाड फोडी पांढऱ्याच होत्या. बाईंनी लिहिले होते, "माझा श्वास अडकला. छातीत प्रत्यक्ष दुखल्यासारखे झाले. मी उठले नाही." पुढची ओळ वेगळ्या शाईत होती. "मुलीने मीठ शोधायला चार खण उघडले. मीठ वरच्या फळीवर आहे. तिचा हात तिथे पोहोचत नाही. ती खुर्ची आणायला गेली, तोवर पातळ फोडी काळ्या झाल्या."

त्या ओळीजवळ आम्ही पूर्ण एक सत्र थांबलो. ती फळी त्यांच्या खांद्याच्या उंचीने बेतलेली होती. चिठ्ठ्यांवरची अक्षरे सुंदर आणि इतकी बारीक होती की नवऱ्याला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हती, आणि स्वयंपाक करताना वाफेमुळे तो चष्मा लावत नसे. ओटा आणि कपाट यांच्यातली जागा एका माणसाला नेमकी पुरेल एवढी होती, त्यामुळे दुसरे कोणी आत आले की ते मध्येच यायचे. तीन वर्षे ज्यांना त्या वेंधळी समजत होत्या, ती माणसे चुकीच्या मापाच्या खोलीत वावरत होती.

फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघराचा विषय त्यांनीच काढला. 1926 मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या त्या शहराच्या गृहयोजनेसाठी ते रचले. सुमारे 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब जागेत पावले आणि वेळ मोजून प्रत्येक हालचाल वाचवलेली, धान्यासाठी नावे कोरलेले ॲल्युमिनियमचे खण, आणि अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. बायकांचे कष्ट कमी व्हावेत हा त्यामागचा कळकळीचा हेतू होता. पुढे त्यावर जी टीका झाली ती अशी, की तेथे दोघांना मिळून काम करता येत नाही आणि काम करणारी बाई घरातल्या इतरांपासून तुटते. "मी हे विद्यार्थ्यांना शिकवलं आहे," त्या म्हणाल्या, "आणि घरी तेच बांधलं." हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्या हेतूविषयी मला कधीच शंका नव्हती आणि तसे मी त्यांना त्याच वेळी सांगितले.

त्यानंतरचे बदल भराभर झाले. मीठ खाली आले, चिठ्ठ्या मोठ्या अक्षरांत झाल्या, मधले एक कपाट काढून टाकले. छातीतली ती कळ मात्र लगेच गेली नाही. करपलेली फोड दिसली की उठावेसे वाटणारच. ती ऊर्मी काही क्षणांत शिगेला पोहोचते आणि तिच्यामागे धावले नाही तर ओसरते, हे अनुभवाने कळावे लागते. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत त्यांना ते कळू लागले होते. दरम्यान दोनदा "दे इकडे" तोंडून गेलेच, आणि दोन्ही वेळा त्यांनी सुरी परत देऊन मुलीची माफी मागितली.

आपलीही अवस्था अशी असल्याचे ज्यांना वाटते, त्यांना माझे सांगणे असे, की नजर बोथट करण्याच्या मागे लागू नका. आधी आठवडाभर आपले शब्द मोजा, त्यांतला खरा धोका किती आणि नापसंती किती ते पाहा, आणि घरातले माणूस अडखळले तर त्याच्या हाताआधी त्याच्या भोवतीची रचना तपासा. या प्रयत्नात झोप उडत असेल, सतत धडधड होत असेल किंवा टोकणे रागात आणि हात उगारण्यात बदलत असेल, तर एकट्याने प्रयोग करत बसू नका, प्रत्यक्ष भेटून मदत घ्या.

शेवटच्या भेटीत बाईंनी सांगितले की मुलगी आता पुन्हा ओट्याशी बसते. आदल्या रविवारी तिने स्वतःहून विचारले होते, "आई, तू सुरी कशी धरतेस?" त्यांनी मागे धरलेले हात पुढे घेतले आणि दाखवले, कांदा धरणाऱ्या हाताची बोटे आत वळवायची, पाते बोटांच्या पेरांना टेकवून सरकवायचे. मुलीने दोन कांदे तसे चिरले. तिसऱ्या कांद्याला ती पुन्हा आपल्या पद्धतीवर गेली. "बोटं मात्र आत वळवली होती," असे म्हणून त्यांनी वही पिशवीत टाकली आणि पुढची वेळ न घेता त्या निघाल्या.